परीक्षेनंतर घरी जायचंय? नाशिकच्या विद्यार्थ्यांनी तिकीट कधी आणि कसं काढावं

शेवटच्या पेपरची तारीख बघून गावाकडचं तिकीट काढलं की हमखास फसगत होते. पेपर संपला तरी ओरल, प्रोजेक्टचं सबमिशन, जर्नलवरची सही यांपैकी काहीतरी उरलेलं असतं. त्यामुळे तिकिटाच्या आधी तारखांचा हिशेब लावा.

1. सगळ्या तारखा एका कागदावर उतरवा

वेळापत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सुधारित वेळापत्रक आल्यानंतरही व्हॉट्सअ‍ॅपवर जुना फोटो फिरत राहतो. बॅकलॉग (मागचे राहिलेले विषय) असेल तर पॅटर्न, म्हणजे तुमचा अभ्यासक्रम कोणत्या वर्षीचा आहे, ते तपासा. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला 2019 आणि 2024 पॅटर्नचे पेपर वेगळ्या दिवशी असू शकतात. प्रॅक्टिकल आणि ओरलच्या तारखा विभागात जाऊन विचारा. हॉलतिकीट हातात आलं की सगळं पुन्हा ताडून पाहा.

2. वेळापत्रकाची वाट न बघता तिकीट काढा

खरी गोची इथेच आहे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. म्हणजे 12 डिसेंबरच्या गाडीचं तिकीट 13 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता मिळायला लागतं, आणि तोवर परीक्षेचं वेळापत्रक आलेलं असेलच असं नाही. अशा वेळी मागच्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज बांधा, त्यात दोन-तीन दिवस जास्तीचे धरा आणि तिकीट शक्यतो नाशिकरोडच्या आरक्षण खिडकीवर काढा. खिडकीवरच्या कन्फर्म तिकिटाची तारीख गाडी सुटण्याच्या 48 तास आधीपर्यंत एकदा बदलून मिळते. फक्त नव्या तारखेला जागा हवी. म्हणून पक्कं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी खिडकी गाठा.

नाशिकरोड हे मधलं स्टेशन असल्यामुळे इथून काढलेलं वेटिंग बरेचदा RLWL किंवा PQWL यादीत (मधल्या स्टेशनांसाठीच्या वेगळ्या, कमी जागांच्या वेटिंग याद्या) जातं आणि ते लवकर सरकत नाही. नागपूर-अमरावतीकडच्या मुलांनी विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेसचं तिकीट मुंबईपासून काढून बोर्डिंग (गाडीत चढण्याचं स्टेशन) नाशिकरोड टाकावं. थोडे पैसे जास्त जातात, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते. बोर्डिंग टाकायला मात्र विसरू नका, नाहीतर तुमचा बर्थ दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

तत्काळवर सगळी भिस्त ठेवू नका. प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी 10 वाजता आणि स्लीपरचं 11 वाजता उघडतं, आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. पेपर पुढे ढकलला गेला तर तेवढे पैसे बुडाले.

3. दोन पेपरांच्या मध्ये घरी जावं का?

मधल्या सुट्टीतून जाण्याचा एक, येण्याचा एक आणि पेपरच्या आधीचा एक असे तीन दिवस वजा करा. घरी निदान दोन दिवस उरत असतील तरच निघा. जळगाव-धुळ्याला पाच दिवसांची सुट्टी पुरते; नागपूर किंवा नांदेडसाठी आठवडा हवा. घरी गेल्यावर अभ्यास होतोच असं नाही, हेही हिशेबात धरा.

परतताना पेपरच्या आदल्या रात्री पोचणारी गाडी धरू नका. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश-बिहारकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन् तास लेट होतात आणि त्याच भुसावळ-मनमाडमार्गे नाशिकला येतात. येताना राज्यातूनच सुटणारी गाडी घ्या, उदाहरणार्थ नागपूरची सेवाग्राम किंवा नांदेडची तपोवन.

4. एसटी हाताशी ठेवा

रेल्वेची जागा नसेल तर एसटीचं आरक्षण करा. तुमच्या गावची गाडी ठक्कर बाजार, महामार्ग की मेळा स्थानकावरून सुटते, हे आधीच विचारून घ्या; ऐनवेळी सामान घेऊन एका स्थानकावरून दुसरीकडे धावणं जिवावर येतं. मुलींना एसटीत 2023 पासून निम्मं तिकीट आहे. दिवाळीच्या आसपास खासगी ट्रॅव्हल्सचे दर चढतात, त्यामुळे तो पर्याय शेवटी ठेवा.