आई-बाबांचं कॅशलेस: दाखल होण्याआधीची तयारी

कॅशलेस म्हणजे हॉस्पिटलचं बिल आरोग्य विमा कंपनीने थेट भरणं. मोतीबिंदू, गुडघा ही ऑपरेशनं ठरवून होतात, तेव्हा तयारीला वेळ मिळतो. कंपनीच्या वेबसाइटवरच्या नेटवर्क (कॅशलेस चालणाऱ्या हॉस्पिटलांच्या) यादीवर विसंबू नका. गंगापूर रोड असो की नाशिकरोड, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विम्याचं काम पाहणाऱ्या खिडकीवर) पॉलिसीचं नाव सांगून 'यावर आत्ता कॅशलेस चालू आहे का?' हे विचारा. दरांवरून हॉस्पिटल आणि विमा कंपनीतले करार मध्येच थांबतात. सर्जन बाहेरून येणार असतील तर त्यांची फी हॉस्पिटलच्याच बिलात धरणार का, तेही.

मग खोली. घोळ बहुतेक इथेच होतो. विमा 5 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 5,000. मुलांनी हौसेने 8,000ची खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक कापला जात नाही. सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग सगळं पाच-अष्टमांश प्रमाणात मंजूर होतं. असे खर्च 2 लाख असले तर 75,000 खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. वर 20 टक्के को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला वाटा) असेल तर मंजूर रकमेतूनही तेवढं वजा. मोतीबिंदूला बहुधा वेगळी मर्यादा असते, ती पॉलिसीत शोधा.

फाइलमध्ये हेल्थ कार्ड, आधार, पॅन, जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांचा भरतीचा सल्ला ठेवा. केस पेपरवर 'शुगर कधीपासून?' याचं उत्तर घाईत 'झाली असतील पंधरा वर्षं' असं देऊ नका. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मशी ते जुळलं नाही की कंपनीची क्वेरी (शंका) आलीच.

प्री-ऑथचा (आगाऊ मंजुरीचा) फॉर्म दोन-तीन दिवस आधी पाठवा, इमर्जन्सीत 24 तासांच्या आत कळवा. 2024च्या नियमांनुसार कंपनीने मंजुरीचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्यायची असते. तरी ग्लोव्ह्जसारख्या विम्यात न बसणाऱ्या वस्तूंसाठी थोडी रक्कम जवळ असू द्या. भरतीआधीच्या आणि नंतरच्या औषधांची बिलं कॅशलेसमध्ये येत नाहीत. ती जपून ठेवून वेगळा क्लेम करावा लागतो.

सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य योजनेचं कार्डही काढून घ्या. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून वर्षाला 5 लाखांचे उपचार. मात्र त्याची हॉस्पिटलं वेगळी असतात, 14555 वर विचारून घ्या.