परदेशातून आणलेल्या आरोपीची कस्टडीची मुदत नक्की कुठून मोजायची (इंग्लंड-वेल्स)

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. माणूस स्पेनच्या जेलमध्ये 11 महिने एक्स्ट्रॅडिशनची (म्हणजे इंग्लंडच्या ताब्यात दिलं जाण्याची) वाट बघत बसलेला असतो आणि घरच्यांना वाटतं की आता तर खटल्याआधी आत ठेवायची मुदत कधीच संपली, बेल मिळायलाच हवा. नाही मिळत. ते 11 महिने या हिशोबात धरतच नाहीत.

इंग्लंड-वेल्समध्ये खटला सुरू व्हायच्या आधी किती दिवस आत ठेवता येतं हे 1985 च्या प्रॉसिक्युशन ऑफ ऑफेन्सेस ॲक्टचं कलम 22 आणि 1987 चे नियम ठरवतात, आणि हे घड्याळ इथल्या कोर्टात त्या गुन्ह्यासाठी पहिल्यांदा हजर करून रिमांड दिला की सुरू होतं. तिकडे अटक झाली ती तारीख नाही, विमान उतरलं ती पण नाही.

आता मोजायचं कसं. गंभीर गुन्हा असेल, म्हणजे फक्त क्राउन कोर्टातच (मॅजिस्ट्रेटच्या वरचं, ज्युरीसमोर खटला चालणारं कोर्ट) चालणारा, तर मॅजिस्ट्रेट सहसा पहिल्याच दिवशी केस वर पाठवतात आणि 182 दिवस मिळतात. पहिला दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून एक. समजा विमान शुक्रवारी रात्री उतरलं आणि शनिवारी 8 मार्च 2025 ला सकाळी कोर्टात उभं केलं. 182 म्हणजे बरोबर 26 आठवडे, त्यामुळे शेवटचा दिवस पण शनिवारच येतो, 6 सप्टेंबर. पण शनिवार, रविवार किंवा बँक हॉलिडे आला तर मुदत मागे सरकते, पुढे नाही! म्हणजे शुक्रवार 5 सप्टेंबरचा दिवस संपताना, मध्यरात्री, मुदत संपली. कॅलेंडरवर हीच तारीख गोल करा, सरकारी पक्षाचीही इथे चूक होऊ शकते.

प्रत्येक गुन्ह्याचं घड्याळ वेगळं चालतं, म्हणून चार्जशीटवरचा एकेक चार्ज घेऊन मोजा. मध्ये बेलवर बाहेर असलेले दिवस धरायचे नाहीत.

मुदतवाढ मागायची तर सरकारी पक्षाला मुदत संपायच्या आतच अर्ज करावा लागतो, आणि सबळ कारण आहे आणि आपण कामात ढिलाई केली नाही हे दोन्ही कोर्टाला पटवावं लागतं. एकदा मुदत उलटली की मग वाढवता येत नाही, आरोपीला बेल द्यावाच लागतो, फार तर अटी घालतात. ज्युरीने (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) शपथ घेतली की मात्र हे सगळं थांबतं, म्हणून खटल्याची तारीख मुदतीच्या आत आहे ना ते आधी बघा.

आणि ते स्पेनमधले 11 महिने? ते शिक्षेतून वजा होतात, 2003 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम 243 खाली. पण हे आपोआप होत नाही, किती दिवस ते जजने उघड कोर्टात सांगावं लागतं. त्यामुळे तिकडच्या जेलचा अटकेच्या आणि सोपवल्याच्या तारखांचा कागद आत्ताच मागवून वकिलाकडे देऊन ठेवा, शिक्षेच्या दिवशी शोधाशोध नको.