गोठ्यात नाकाला झोंबतो तो तुमचाच युरिया

सकाळी गोठ्यात शिरताच नाकात जातो तो उग्र वास अमोनियाचा. कालच्या ढेपेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेत चाललेलं असतं. गाय जेवढं नत्र खाते त्यातलं साधारण पाव हिस्सा दुधात उतरतं, बाकीचं शेणामुतात. मुतातलं नत्र बहुतांश युरियाच असतं, आणि आपली चुनखडीची काळी जमीन, त्यात उन्हाळा, म्हणजे त्याचा अमोनिया उडायला दोन दिवसही लागत नाहीत.

आधी चराईचं वावर बघा. गुरं चरून गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी गवतात गर्द हिरवे ठिपके दिसतात. तिथं गाय मुतलेली असते. एका ठिपक्यात पडलेल्या नत्राचा हेक्टरी हिशोब मांडला तर तो 500 किलोच्याही पुढे जाऊ शकतो. गवत एवढं घेणार कसं? हे ठिपके एका बाभळीखाली नाहीतर हौदाभोवतीच दाटलेले असतील, तर हौद हलता ठेवा, वावराचे तीन-चार तुकडे पाडून गुरं फिरवा. धनगराची मेंढरं वावरात बसवतो तेव्हा आपण दर रात्री जागा बदलून घेतोच ना, तेच गायींना लावायचं. मेंढरं उठली की लगेच वखराची पाळी घाला, नाहीतर पैसे मोजून बसवलेलं खत उन्हात उडतं.

भर पावसाळ्यात, काळ्या रानात पाणी साचलेलं असताना, गुरं आत सोडूच नका. माती तुडवून घट्ट होते, हवा कोंडते आणि जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे पिकाला घेता येणाऱ्या नत्राचा, वायू करून टाकतात. त्या दिवसांत गवत कापून गोठ्यात आणलेलं बरं.

गोठ्यात जमिनीला दहा फुटाला दोन-तीन इंच उतार द्या, नाली काढा, शेवटी झाकणाची टाकी. झाकण हवंच. गोळा झालेलं मूत आठ-दहा पट पाण्यात मिसळून संध्याकाळी नेपियर गवताला पाटाच्या पाण्याबरोबर सोडा. टाकी परवडत नसेल तर सोयाबीनचं भुसकट अंथरा. बांधावर पेटवून देण्यापेक्षा ते मूत शोषून उकिरड्यात गेलेलं चांगलं. उकिरडा सावलीत, वर मातीचा थर. थराथरात थोडं सुपर फॉस्फेट टाकलं तर अमोनिया धरून राहतो.

आता पोत्यातला युरिया. 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र. निमकोटेड आहे म्हणून निर्धास्त राहू नका: निंबोळीचा लेप नायट्रेट होणं लांबवतो, वर उडणारा अमोनिया थांबवत नाही. त्यामुळे कापणीनंतर फुटवे दिसू लागले की थोडा-थोडाच द्या, आणि फेकल्यावर त्याच दिवशी हलकं पाणी. तापलेल्या कोरड्या ढेकळांवर युरिया फेकणारे बघितले की मला हसावं का रडावं कळत नाही. कडवळाला, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीला, तर हात आखडताच ठेवा. पाण्याचा ताण पडलेल्या कडवळात नायट्रेट साठतं आणि जनावराला विषबाधा होते.

खरी कात्री मात्र गव्हाणीत लावता येते. लसूणघास भरपूर असताना सरकीची ढेपही तेवढीच चालू राहिली, तर जास्तीचं प्रथिन दुधात न जाता मुतात जातं. अशा वेळी ढेप थोडी कमी करून मक्याचा भरडा आणि कडबा वाढवा. एकदम नाही, आठवडाभरात हळूहळू, आणि रोजच्या दुधाच्या मापावर नजर ठेवून.