बीएस्सी, इंजिनिअरिंगच्या मुलींनो, सुट्टीतल्या रिसर्चसाठी स्कॉलरशिप कशी मिळवायची

दर वर्षी मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, ताई समर फेलोशिपचं काही आहे का गं, आणि तेव्हा मी काय सांगणार, मे मध्ये बाकीच्या मुली लॅबमध्ये जाऊन पोचलेल्या असतात. याची तयारी दिवाळीच्या सुट्टीत करायची असते, फराळ संपायच्या आत.

तर आधी एक गोंधळ मिटवू. पैसे दोन तऱ्हेचे असतात, एक शिक्षण चालू ठेवायला आणि एक प्रत्यक्ष रिसर्च करायला, आणि मुली पहिल्यातच अडकून दुसऱ्याकडे बघतच नाहीत.

पहिल्यात इंजिनिअरिंग आणि डिप्लोमावाल्यांसाठी एआयसीटीईची (म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती स्कॉलरशिप, ही फक्त मुलींचीच आहे. वर्षाला ५० हजार, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, आणि अर्ज पहिल्या वर्षाला (किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलात तर तेव्हा) नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. तिसऱ्या वर्षाला जाग आली तर उपयोग नाही. या पैशात लॅपटॉप, पुस्तकं घेता येतात आणि सुट्टीत शिकवण्या घ्यायची गरज उरत नाही, म्हणजे रिसर्चला वेळ मिळतो, माझ्या मते तोच खरा फायदा.

बेसिक सायन्सवाल्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शी. नावात शी असलं तरी ही मुलींसाठी राखीव नाहीये हं, ते 'स्कॉलरशिप फॉर हायर एज्युकेशन'चं नुसतं शॉर्टफॉर्म आहे, मुलगेही भरतात. बारावीला बोर्डाच्या पहिल्या १ टक्क्यात असाल तर वर्षाला ८० हजारांची, त्यातले ६० हजार तुमचे आणि २० हजार उन्हाळ्यात एखाद्या गाइडकडे प्रोजेक्ट करायला. इंजिनिअरिंगला मात्र ही चालत नाही. आणि केव्हीपीवाय (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) शोधत बसू नका, ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्येच विलीन झाली, जुन्या यादीत अजून दिसते एवढंच.

आता दुसरी तऱ्हा, म्हणजे समर फेलोशिप, उन्हाळ्यात एखाद्या गाइडकडे स्टायपेंड घेऊन रिसर्च करायचा. देशातल्या तीन सायन्स अकॅडमी (बेंगळुरू, दिल्ली, प्रयागराज) मिळून दोन महिन्यांची देतात, सायन्स आणि इंजिनिअरिंग दोन्हीला. इंजिनिअरिंगवाल्यांना आयआयटी मद्रास आणि आयआयटी गांधीनगरचे उन्हाळी कार्यक्रम आहेत. मुंबईत टीआयएफआर (मूलभूत संशोधनाची टाटा संस्था), पुण्यात आयुका (खगोलशास्त्राची संस्था), आणि मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम, जो बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतच सुरू करता येतो. यांत मुलींना वेगळा कोटा शोधू नका, सरळ भरा. तीन-चार ठिकाणी तरी भरा.

आता फॉर्ममधला खरा अवघड भाग, ते २०० शब्दांचं लिखाण, तुम्हाला यात रस का आहे वगैरे. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिने लिहिलेलं की मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे आणि नॅनोटेक्नॉलॉजीतून देशसेवा करायची आहे. मी म्हटलं हे राहू दे, प्रॅक्टिकलला काय केलंस ते सांग. मग हळूच म्हणाली, पाण्याचा कठीणपणा काढायचं टायट्रेशन होतं ना, तेव्हा मी घरून दोन बाटल्या नेल्या होत्या, एक विहिरीची आणि एक बोअरची. विहिरीच्या पाण्याला रंग लवकर बदलला, लालसरचा निळा, म्हणजे ते कमी कठीण, आणि बोअरच्या पाण्याला ब्युरेट दुसऱ्यांदा भरायला लागली. आईचं म्हणणं होतंच की बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. अगं हेच लिही! तिने तेवढंच लिहिलं, आकडे घातले, आणि शेवटी एक प्रश्न टाकला की पावसाळ्यानंतर हा फरक कमी होतो का. निवड झाली तिची. आवड आहे हे सगळेच लिहितात, दोन बाटल्या कोण नेतं.

मग शिफारसपत्र. सरांना किंवा मॅडमना निदान तीन आठवडे आधी विचारा, आणि सोबत एका कागदावर त्यांच्या हाताखाली काय केलंत ते लिहून द्या, साठ मुलांतून त्यांना तुमचा जर्नल कसा आठवेल. बऱ्याच ठिकाणी पत्राची लिंक थेट त्यांच्या मेलवर जाते आणि स्पॅममध्ये जाऊन पडते. माझा स्वतःचा पहिल्या वर्षीचा अर्ज असाच गेला, पत्र आलंच नाही आणि मी संकोचापायी आठवण केली नाही. तुम्ही करा, स्टाफरूमच्या दारात उभं राहून करा.

कागदांत एकच गोष्ट बघा, नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. हे आधीच एकसारखं करून घ्या आणि खातं स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं ठेवा, आईबाबांचं चालत नाही.

घरच्यांची परवानगी हा विषय फॉर्ममध्ये नसतो पण गळती तिथेच जास्त होते. वाद घालू नका, माहिती द्या: हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे का, मुलींचं वेगळं आहे का, स्टायपेंड किती, रेल्वेभाडं मिळतं का. शक्य असेल तर आधी गेलेल्या मुलीशी आईचं फोनवर बोलणं करून द्या. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या बायोकेमिस्ट कमला सोहोनी, मुंबईहून बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला होता, त्या हटल्या नाहीत तेव्हा एक वर्ष अटीवर घेतलं, आणि १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. आमच्या बाबांना हा किस्सा लागू पडला, तुमच्याकडे आजीवर वापरून बघा.

निवड झाली की त्याच दिवशी उत्तर पाठवा, आणि विद्यापीठाची परीक्षा मे-जूनमध्ये येत असेल तर घाबरून नकार कळवू नका. गाइडना टाइमटेबल जोडून सरळ लिहा की शेवटचा पेपर अमुक तारखेला आहे, त्यानंतर आले तर चालेल का. मी चार ओळी लिहिल्या होत्या, दोनदा सॉरी म्हणून. उत्तर एका ओळीचं आलं, पेपर नीट दे, १२ जूनला ये.