मिक्स बियांतून उगवलेली कॅक्टसची रोपं ओळखायची कशी

मिक्स बियांचं पाकीट पेरलं की थोड्या दिवसांत ट्रे हिरव्या मण्यांनी भरतो आणि लगेच प्रश्न पडतो की यातलं कोण कोण आहे. पहिल्या वर्षात बहुतेक वेळा गटच कळतो, जात नाही, त्यामुळे कुणी फोटो बघून छातीठोकपणे नाव सांगितलं तरी लेबलवर ते पेन्सिलनेच लिहा.

सगळ्यात आधी बघायची ती पहिली दोन पानं, म्हणजे बीजपत्रं, आणि ती नंतर आक्रसून जातात म्हणून उगवल्या उगवल्या भिंगातून बघा. मिरचीच्या रोपासारखी मोठी, चपटी पानं असली तर तो फड्या निवडुंग, ओपन्शिया. त्याची कुसं बोटात घुसली की दिसतसुद्धा नाहीत, चिमटाच वापरा. पानं छोटी, त्रिकोणी आणि खालचा भाग लांबट असेल तर बहुधा सेरियससारखं खांबासारखं वाढणारं काहीतरी. पानं जवळपास नाहीतच, नुसता मणी, तर मॅमिलेरिया, रेबुशिया, पॅरोडिया वगैरे गोल मंडळी, त्यातही पॅरोडियाचं बी धुळीसारखं असतं त्यामुळे रोपही अगदी टाचणीच्या डोक्याएवढं. अ‍ॅस्ट्रोफायटम मात्र चटकन उगवतं, गुबगुबीत असतं आणि बऱ्याचदा बियांचं चकचकीत तपकिरी टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकलेलं सापडतं, ते दिसलं की मला फार आनंद होतो.

पण एक बघा, उजेड कमी पडला तर गोल वाढणारं रोपसुद्धा लांबुडकं होतं आणि आपण त्याला खांबवालं समजतो, म्हणून ट्रेमधली सगळीच रोपं ताणलेली दिसली तर उंचीवरून काही ठरवू नका. रंगाचंही तसंच, जास्त उजेडात कुठलंही रोप लालसर पडतं. आणि काट्यांऐवजी खरी पानंच फुटत राहिली तर ते तण, उपटून टाका.

काट्यांवर तर लवकर विश्वास ठेवूच नका, कोवळे काटे बरेचदा पिसासारखे मऊ असतात, मोठेपणीचे वेगळेच. माझ्याकडे दोन रोपांवर सुट्या सुट्या गाठी बघून मी मॅमिलेरिया लिहिलं होतं, चौथ्या वर्षी त्याच गाठी एका ओळीत जुळून सरळ धारा झाल्या आणि पिवळे काटे जाड झाले, गोल्डन बॅरल निघाले ते! गोल्डन बॅरल लहानपणी गाठीवालंच असतं, हे लक्षात ठेवा. गळासारखा वाकडा मधला काटा दिसला तर मॅमिलेरियाचा संशय घ्यायला हरकत नाही, फेरोकॅक्टस या दुसऱ्या कॅक्टसलाही तसा असतो पण त्याच्या धारा जुळल्या की फरक कळतो. काट्यांच्या झुपक्याखाली हनुवटीसारखा फुगवटा असला तर जिम्नोकॅलिशियम.

प्रत्येक रोपाशेजारी नंबर लिहिलेली टूथपिक खोचा आणि महिन्यातून एकदा पट्टी ठेवून वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढा, आठवणीवर राहिलात तर गोंधळ ठरलेला. पक्कं काय ते फुलाशी कळतं, मॅमिलेरियाची फुलं डोक्याभोवती कडं करून येतात, रेबुशियाची बहुतेक खालून, बुडाजवळून, आणि ती दोन्ही दोन-तीन वर्षांतही फुलू शकतात. खांबवाल्यांना बरीच वर्षं लागतात, त्यांचे नंबर तसेच राहू द्या.