गुल्डियन फिंच रानात कसा पाहावा

महाराष्ट्रातील अनेक हौशी पक्षीपालकांकडे गुल्डियन फिंच पिंजऱ्यात दिसतो, मात्र त्याचे खरे घर म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियातील विरळ युकॅलिप्टसचे गवताळ रान, आणि शक्य असेल त्याने तो तिथे जाऊनच पाहावा असे मला मनापासून वाटते. आपल्याकडच्या मनोल्यांच्याच कुळातला हा पक्षी शेपटीसह जेमतेम १४ सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि तो शोधत रानोमाळ भटकणाऱ्याच्या हाती बहुधा निराशाच येते. खात्रीची वाट पाणवठ्यावरून जाते. मुक्कामासाठी डार्विन शहराच्या दक्षिणेला सुमारे ३२० किलोमीटरवर असलेले कॅथरीन, त्याच्या अलीकडचे पाइन क्रीक किंवा किम्बर्ली भागातील विंडम यांपैकी एखादे गाव निवडावे.

सहलीचा काळ मात्र काटेकोरपणे ठरवावा लागतो. या प्रदेशात साधारणपणे मे ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो आणि त्याच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बहुतेक ओढे आटून केवळ काही डबकी शिल्लक राहतात. केवळ कोरड्या बियांवर जगणाऱ्या या पक्ष्यांना रोज पाणी प्यावेच लागत असल्यामुळे आसपासच्या टेकड्यांवरचे थवे त्या मोजक्या डबक्यांवर उतरतात. शिवाय तोपर्यंत विणीचा हंगाम आटोपलेला असतो आणि नवी पिल्लेही थव्यात सामील झालेली असतात. पहिला जोराचा पाऊस झाला की हे सारे गणित बदलते, कारण पाणी जागोजागी साचते आणि जमिनीवर पडलेले रानगवताचे बी रुजू लागते. हे गवत म्हणजे आपल्या ज्वारीचे जवळचे नातलग, आणि कोरड्या ऋतूत त्याचेच गळलेले दाणे टिपून हे पक्षी पोट भरतात. ते दाणे रुजले की पक्ष्यांना टेकड्या सोडून खालच्या भागात, लवकर दाणा धरणाऱ्या बहुवार्षिक गवतांकडे जावे लागते. पावसाळ्यात त्यांना गाठणे म्हणूनच फार अवघड असते.

पाणवठा निवडताना मोठ्या नदीपेक्षा खडकाळ ओढ्यातले उथळ, उघड्या काठाचे आणि जवळ एखादे वठलेले झाड असलेले डबके पसंत करावे. मोठ्या पाण्याच्या काठी बसणे तर टाळावेच, कारण या भागातील नद्यांमध्ये खाऱ्या पाण्यातील मगरींचा धोका खरा आहे आणि तेथील इशाऱ्यांच्या पाट्या गांभीर्यानेच घ्याव्या लागतात. बरीचशी जमीन आदिवासी समूहांच्या किंवा गुरांच्या खासगी कुरणांच्या मालकीची असल्याने परवानगीची चौकशी आधीच करावी. पारा अनेकदा चाळिशीच्या घरात जातो, म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी जवळ ठेवावे.

सूर्योदयापूर्वीच जागेवर पोहोचावे, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने पाण्यापासून पंचवीस-तीस मीटर अंतरावर सावलीत बसावे आणि मग जागा बदलू नये. सूर्य वर आल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात. सुरुवातीला बहुधा लाँग-टेल्ड फिंच आणि मास्क्ड फिंच येतात, आणि गुल्डियन त्यांच्या आसपासच वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर गोळा होतात. शिकारी पक्षी अशाच पाणवठ्यांवर दबा धरून असतात, त्यामुळे थवा फांदीफांदीने खाली येतो, जराशी हालचाल झाली तरी भुर्रकन वर जातो आणि पुन्हा उतरायला वेळ घेतो. या वेळी दुर्बीण डोळ्यांना आधीच लावून ठेवावी, कारण पाणी पिण्याचे काम काही क्षणांतच उरकते.

प्रौढ नर ओळखण्यात चूक होण्याचा संभव नाही. हिरवीगार पाठ, गडद जांभळी छाती, पिवळेधमक पोट आणि चेहऱ्याच्या मुखवट्यामागे निळसर झाक असलेली कड असा त्याचा थाट असतो, तर मादीची छाती फिक्कट जांभळी दिसते. मुखवटा पाहण्यासाठी मुद्दाम वेळ द्यावा. रानात सुमारे तीन चतुर्थांश पक्षी काळ्या मुखवट्याचे आणि उरलेले बहुतेक लाल मुखवट्याचे असतात, पिवळा मुखवटा मात्र हजारोंत एखाद्याचा. नवख्यांची फसगत पिल्लांपाशी होते. राखाडी डोक्याची आणि मळकट हिरव्या पाठीची ही पिल्ले थव्यात अनेकदा प्रौढांपेक्षा जास्त असतात, आणि रंगीत पक्षी शोधणारी नजर त्यांच्यावरून सहज निसटते.

फेब्रुवारी ते ऑगस्ट या विणीच्या काळात गेलात, तर युकॅलिप्टसच्या ढोल्यांजवळ थांबू नये आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून नोंदलेला हा पक्षी आहे. कोरड्या ऋतूच्या अखेरीस भडकणारे मोठे वणवे आणि गुरांची चराई यांनी त्याची बी देणारी गवते अनेक ठिकाणी उजाड केली आहेत, आणि एकेकाळी पिंजऱ्यांसाठी त्याला मोठ्या संख्येने पकडलेही गेले. ऋतूच्या आरंभी छोट्या तुकड्यांत थंड, म्हणजे कमी आचेची, आग लावण्याची आदिवासींची जुनी पद्धत आता पुन्हा वापरली जात आहे, हे मला फार आश्वासक वाटते.

वहीत पाणवठ्याचे ठिकाण, वेळ आणि प्रौढ व पिल्ले यांची वेगवेगळी संख्या लिहावी. पिल्लांच्या प्रमाणावरून त्या वर्षीची वीण कशी झाली याचा अंदाज अभ्यासकांना येतो. ही नोंद त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी आणि एकही गुल्डियन दिसला नसेल, तरी त्या पाणवठ्यावरच्या इतर पक्ष्यांची पूर्ण यादी द्यावी.