पात्रं सुपरहिरो झाली की खेळ का फसतो? डीएमनी या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं साकारायच्या खेळाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, पात्रांच्या चौथ्या लेव्हलपर्यंत मजेत चालतं. पाचवी लेव्हल आली की विझार्डच्या (जादूगाराच्या) हाती फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र येतो, फायटर (योद्धा) एका टर्नमध्ये दोनदा वार करू लागतो, आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची, तक्रार सुरू होते, "यांना आता कशाचीच भीती वाटत नाही." खापर फुटतं सुपरहिरोंच्या सिनेमांवर. मला हे निदान पटत नाही. निदान चुकलं की उपायही चुकतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सुपरहिरो या खेळात बाहेरून घुसलेला नाही. १९७४ च्या मूळ नियमांत फायटरला दर लेव्हलला एक पदवी मिळायची. चौथीला ‘हिरो’, आठवीला चक्क ‘सुपरहिरो’. ही नावं त्याच्याही आधीच्या, १९७१ च्या चेनमेल या युद्धखेळातली. तिथे हिरो चार माणसांच्या तोडीचा, सुपरहिरो आठांच्या. म्हणजे ताकद पहिल्यापासून होतीच, पण आठवी लेव्हल गाठणं कठीण होतं. हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा उरलेला जीव मोजणारे गुण, शून्य झाले की पात्र मेलं. सोन्याच्या दर नाण्याला एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवगुण) मिळायचा, त्यामुळे लढाई टाळून खजिना घेऊन सटकण्यातच शहाणपण असायचं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेलं पात्र बेशुद्ध पडतं. दर टर्नला वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा जास्त आलं की एक यश. तीन यशं आधी आली तर जीव वाचतो, तीन अपयशं आली तर जातो. आठ तासांची लॉन्ग रेस्ट घेतली की सगळे हिट पॉइंट परत. हे नियम वाईट नाहीत, महिनोन्‌महिने एकाच पात्रावर जीव लावता येतो तो त्यांच्यामुळेच. पण इथे मरणाची भीती पूर्वीइतकी कामी येत नाही. ताण दुसरीकडून आणावा लागतो.

आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते: राक्षस फुगवणं. मीही केली आहे. त्या आवृत्तीत ऑगर या धिप्पाड राक्षसाचे हिट पॉइंट ५९ असतात, मी ते १२० केले. लढाई दीड तास चालली. तिसऱ्या राउंडनंतर बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळणारी मैत्रीण फासा टाकायची, आकडा सांगायची आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायची. हरण्याची भीती नव्हतीच, नुसतं काम वाढलं होतं.

पुढच्या रविवारी तेच ऑगर, मूळ ५९ चेच, नदीवरच्या झुलत्या पुलापलीकडे उभे केले. पुलाच्या दोऱ्या पेटलेल्या, मधोमध गावकऱ्यांची गाडी अडकलेली. टेबलावर चार नाणी मांडली आणि सांगितलं, दर राउंडला एक उचलणार, शेवटचं उचललं की पूल गेला. पहिलं नाणं उचललं तेव्हाच खोलीतली बडबड थांबली. दुसऱ्यावर बार्बेरियनने कुऱ्हाड टाकून दोन्ही हातांनी दोर धरला. ऑगर तिला मारत होते आणि ती उलटून मारत नव्हती. त्या दिवशी कोणी मोबाइलला हात लावला नाही.

म्हणून पात्र किती ताकदवान आहे याची चिंता सोडा. एकाच वेळी दोन गोष्टी वाचवायची वेळ आणा आणि हात एकीलाच पुरेल असं बघा.

दुसरी चूक खेळाडूंकडून होते, पण तिला वाट डीएमच करून देतो. सुपरहिरोची शक्ती घेतली जाते, त्याची बंधनं मात्र नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सची मूळ प्रकाशक कंपनी टीएसआरने १९८४ मध्ये काढलेल्या मार्व्हल सुपर हिरोज या खेळात हिरोला कर्मा नावाचे गुण मिळायचे आणि त्याने कोणाचा जीव घेतला तर ते सगळेच्या सगळे जायचे. काय करायचं नाही यावरूनही हिरो ठरतो, हे त्या खेळाने थेट नियमांत बसवलं. आपल्या टेबलावर मात्र शरण आलेल्या डाकूचा गळा सहज चिरला जातो, कारण त्या डाकूला नावसुद्धा दिलेलं नसतं. नाव द्या, एक भाऊ द्या, आणि तो भाऊ तीन सेशननी दारात उभा करा.

दर लढाईनंतर पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, सगळी ताकद परत मिळवायला झोपत असेल तर त्याचा उपाय पुस्तकातच आहे. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने धरले आहेत. तेवढे होत नसतील तर त्याच पुस्तकातला पर्याय वापरा: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लॉन्ग रेस्ट सात दिवसांची. फक्त कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना विचारून. मध्येच नियम बदलला तर विझार्ड खेळणारा चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

विचारायचंच आहे तर आणखी एक विचारा. पहिल्या बैठकीत मी प्रत्येकाला म्हणतो, तुझं पात्र कशासाठी मरायला तयार आहे ते कॅरेक्टर शीटच्या मागे एका ओळीत लिही. बार्बेरियनच्या शीटमागे लिहिलं आहे, ‘लहान मुलं असतील तिथून हलणार नाही.’ पुलावरच्या त्या गाडीत मी दोन मुलं बसवली होती.